तिसरा परिच्छेद

शामला मेश्राम रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कीटकनाशकांच्या कारखान्यात लागली. प्रत्येक बाटलीतले द्रावण सारखेच आहे ना, हे पाहण्याचा तिला पगार मिळे. त्यामुळे नागपुरात सीताबर्डीच्या मुख्य कचेरीत पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या मनोहररावांनी 'शैलीपुस्तिका' काढली, तेव्हा तिला आनंदच झाला होता. संस्थेची सारी पत्रे एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटली पाहिजेत, असे ते म्हणत. तो माणूस पहिल्या परिच्छेदात विक्रेत्याच्या अतूट विश्वासाचे आभार मानी, दुसऱ्यात संस्थेची प्रगती सांगे आणि काही अप्रिय असलेच तर ते तिसऱ्यात, विनंतीच्या आडोशाने मांडे. चूक, विष आणि धोका हे शब्द त्याला ठाऊक नव्हते.

कपाशीवरच्या फवारणीचे दिवस होते. एकेचाळीस क्रमांकाचा माल चौपट तीव्र भरला गेल्याचे शामलाच्या तपासणीत निघाले, पण तोवर तो दुकानांत पोचला होता. बाटलीवर छापले होते: एका पंपाला एक झाकण. तिने तिथल्या तिथे मसुदा लिहिला. 'एकेचाळीस क्रमांकाचा माल विकू नका. विष चौपट आहे. विकला असेल तर घेणाऱ्याला आजच गाठा.'

मनोहररावांच्या सहीवाचून पत्र बाहेर पडत नसे. दुसऱ्या दिवशी प्रत हाती आली, तेव्हा विश्वास अतूट होता, प्रगती चालू होती, आणि तिसऱ्या परिच्छेदात सदर मालाची विक्री शक्यतो लांबणीवर टाकण्याची नम्र विनंती होती. तिने फोन लावला. मजकूर तोच आहे, केवळ सूर आपला आहे, असे त्यांनी समजावले. पत्रे टपालात पडली होती.

आठवडा उलटला तरी एकाही विक्रेत्याचे उत्तर नाही. प्रयोगात सगळीकडे शून्य आले, की ती आधी उपकरण तपासत असे. ती एसटीने खाप्याला, तिथल्या देवराव नावाच्या विक्रेत्याकडे गेली.

देवरावांच्या दुकानात गल्ल्यामागे लोखंडी तार टांगलेली होती, आणि तिच्यात संस्थेची पत्रे ओवलेली होती. सर्वांत वरचे तिचेच. कागदाच्या तीन घड्यांपैकी वरची तेवढी उलगडलेली होती. खालची, तिसऱ्या परिच्छेदाची, जशी आली तशी करकरीत. तिने ती त्यांच्यासमोर उघडून धरली आणि हे वाचले का नाही, म्हणून विचारले.

"तुमचं कोणतं पत्र येगळं राहते, बाई?" देवराव म्हणाले. "अतूट विश्वास दिसला का मी तारेले टोचतो. पुढचं काहून वाचू?"

मग त्यांनी तो परिच्छेद वाचला, आणि सावकाश पुन्हा वाचला. "बळीरामले मीच देल्ली बाटली," ते म्हणाले. "फवारता फवारता पडला. नागपूरले दवाखान्यात हाय थो. शुद्धीवर आला, पण हातात चमचा धरवत नाही. मले वाटलं, उन्हानं झालं."

शामलाला देवरावांचा राग आला होता. तो तिने तेथेच सोडला. उपकरण अगदी बरोबर चालले होते. पत्र न वाचताही कळते असे विक्रेत्यांना वाटावे, इतके सारखेपण मनोहररावांनी साधले होते.

ती तिथल्या तारघरात गेली. तारेत शब्दागणिक पैसे पडतात, आभाराला जागा नसते. तिने सगळ्या विक्रेत्यांना एकाच मजकुराची तार केली: 'एकेचाळीस विकू नका. विष.' खाली स्वतःचे नाव. दोन दिवसांत खोकी परत येऊ लागली.

तिसऱ्या दिवशी तिला संस्थेचे पत्र आले. तिच्या निष्ठेचे आभार होते, प्रगती होती. तिसऱ्या परिच्छेदात, शैलीभंग लक्षात घेता तिने यापुढे प्रयोगशाळेत न आल्यास संस्था उपकृत होईल, असे होते.

ती रोजच्यासारखी कामावर गेली. दुपारी मनोहरराव मोटारीने कळमेश्वरला आले आणि पत्र पोचले का, असे त्यांनी हळू आवाजात विचारले.

"पोचलं. तिन्ही घड्या उघडून वाचलं. विनंती अमान्य आहे."

"मेश्रामबाई, तुम्हांला अर्थ समजला आहे."

"खाप्याच्या बळीरामपर्यंत तो पोचला नाही, साहेब. तो दवाखान्यात आहे. मला काढायचं असेल, तर काढलं असं लिहा, आणि कशासाठी काढलं तेही लिहा. त्यात विष हा शब्द आला पाहिजे. तोवर मी इथेच बसणार."

तिने कोरा कागद आणि दौत त्यांच्यापुढे सरकवली. मनोहरराव बसले. त्यांनी टाक उचलला, आणि सवयीने हात चालू लागला: 'आपल्या अतूट'. तिथे तो थांबला.

शामलाने तो कागद त्यांच्या हाताखालून ओढून काढला, फाडला आणि दुसरा ठेवला.