पाचशे अठ्ठेचाळीस कॅलरी

चारुताच्या घड्याळाचा पट्टा पाचव्या भोकात अडकवलेला होता, पण ताणून लांबट झालं होतं ते दुसरं भोक. पट्ट्याखालून हिरवा उजेड लुकलुकत होता. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि माझी धाकटी जाऊ माझ्या ओट्याला टेकून पाणी पीत होती.

"पाचशे अठ्ठेचाळीस!" तिने मनगट माझ्यासमोर धरलं. "आज पन्नासच मिनिटं चालले, वहिनी. तुमचं काल किती झालं?"

"तीनशे वीस."

"मस्त की! ड्यूटी करून, आईंचं सगळं करून तीनशे वीस म्हणजे..." पुढचं वाक्य तिने पाण्याबरोबर गिळलं.

आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "चारू, रोज एवढी चालतेस, पोचतेस कुठं गो? घर तर हितंच हाय."

चारुता खळखळून हसली. मीही हसले, जरा उशिरा.

विचुंब्यातल्या आमच्या जमिनीवर इमारती झाल्या, तेव्हा बिल्डरकडून दोन्ही भावांना एकेक फ्लॅट मिळाला. आमचा ए विंगमध्ये, सत्यजीत भाऊजींचा सी विंगमध्ये. दोन वर्षांपूर्वी सासूबाई न्हाणीत पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. भाऊजींना अजून ताबा मिळाला नव्हता. ते खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होते, लिफ्ट नव्हती. म्हणून आई आमच्याकडे राहिल्या. त्याला काही हरकत नव्हती.

पण वर्ष झालं, तेही इथेच राहायला आलेत. इथे लिफ्ट आहे. 'आता सहा महिने आई तुमच्याकडे' हे वाक्य मी वर्षभर बोलले नव्हते. चारुता आपणहून म्हणेल, अशी वाट बघत होते. यांच्याकडे विषय काढला की "तुम्ही दोघी बोला ना" म्हणून हे पहाटे पाचला उरणच्या कंटेनर यार्डात निघून जात. शिवाय 'कुमुद आहे म्हणून निभावतंय' असं नातेवाईक म्हणत, ते मला आवडत होतं. हेही खरं.

महिला मंडळाने चाळीस दिवसांची स्पर्धा लावली होती. रोज संध्याकाळी व्यायामाच्या कॅलरींचा आकडा घड्याळावर दाखवणारा फोटो ग्रुपवर टाकायचा. एकतीस दिवस चारुता पहिली होती आणि मी दुसरी. मी एका हॉस्पिटलात स्ट्रेस टेस्ट घेते. माणसाच्या छातीला वायरी चिकटवायच्या, त्याला फिरत्या पट्ट्यावर चालवायचं आणि पडद्यावर त्याचं हृदय बघायचं. संध्याकाळी घरी येताना मी रिक्षा करत नाही. माझे तीनशे वीस त्या रस्त्यावरचे.

आईंना पलंगावरून खुर्चीत घ्यायचं, त्याचे शून्य. त्यांचं वजन अठ्ठावन्न किलो आहे. त्यांच्या काखेखाली माझं मनगट मुडपतं आणि नेमक्या त्या वेळी घड्याळावर आकड्याऐवजी दोन रेघा येतात. त्याला ठोके सापडत नाहीत. दिवसातून सहा वेळा उचलते, पण ते कुठल्याच फोटोत येत नाही.

रविवारी चारुता आली तेव्हा मी म्हटलं, "हात दे. तुझं घड्याळ तपासू."

"बघा बाई. तुम्ही सायन्सवाल्या!"

मी तिच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. चौऱ्याऐंशी. घड्याळावर पंच्याऐंशी. यंत्र खरं बोलत होतं. मला वाईट वाटलं.

"पास?"

"पास."

"मग हे माझ्या नव्या फोनला जोडून द्या ना. यांनी स्वतःला नवीन घड्याळ घेतलं आणि हे मला दिलं. मी आहे तसंच वापरतेय."

फोन माझ्या हातात देऊन ती आत आईंकडे गेली. जोडणी दोन मिनिटांत झाली. मग मी, गरज नसताना, घड्याळ वापरणाऱ्याच्या माहितीचं पान उघडलं.

पुरुष. वय बेचाळीस. उंची एकशे शहात्तर. वजन शहाऐंशी किलो.

पट्ट्याचं दुसरं भोक कुणाच्या मनगटाने ताणलं होतं, ते लक्षात आलं. घड्याळ ठोके मोजतं, पण कॅलरी त्याला दिसत नाहीत. ठोके, वय, वजन, बाई का पुरुष, यावरून ते अंदाज बांधतं. चारुताचं हृदय चारुताचंच होतं. बाकी सगळे सत्यजीत भाऊजी चालत होते. मी किराण्याच्या यादीच्या पाठीमागे गणित मांडलं. छत्तीस वर्षांची बाई, चोपन्न किलो, तेच ठोके, तीच पन्नास मिनिटं. पाचशे अठ्ठेचाळीसच्या जागी साधारण तीनशे पंचेचाळीस.

मला इतका आनंद झाला की लाज वाटली. मग मी आकडा पुन्हा पाहिला. तीनशे पंचेचाळीस. तरीही पंचवीसने ती पुढेच होती.

आत आई विचारत होत्या, "तुज्या गॅलरीतून गाढी नदी दिसते म्हनं?"

"दिसते ना, आई. पावसाळ्यात तर केवढी भरते! एकदा व्हीलचेअरवरून नेते तुम्हाला."

ते 'एकदा' मी वर्षभर ऐकत होते.

चारुता बाहेर आली. मी फोन परत दिला. "जोडलाय," एवढंच म्हटलं. भाऊजींचे शहाऐंशी किलो तसेच राहू दिले. बक्षीस समारंभाला सगळ्यांसमोर सांगायचं, असं ठरवलं. नऊ दिवस ते वाक्य मी घोळवलं. पेशंटच्या छातीला वायरी लावतानासुद्धा.

समारंभाच्या सकाळी आईंना खुर्चीत बसवलं. मला धाप लागली होती. त्यांचे केस विंचरताना विचारलं, "आई, सी विंगमध्ये राहायला जाल का? थोडे महिने?"

"मी कदी नाय म्हनले?" त्या म्हणाल्या. "तुमीच कुनी बोलत नाय."

संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये चारुताला पहिलं बक्षीस मिळालं, इडलीपात्र. मंडळाच्या मितालीने माईक तिच्यापुढे धरला. "गुपित सांगा, मॅडम!"

"गुपित कसलं? सकाळचा एक तास फक्त स्वतःचा. मनात आणलं तर प्रत्येकीला काढता येतो."

टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हात गरम होईपर्यंत.

"आणि दुसऱ्या आल्यात आमच्या हार्टवाल्या कुमुदताई! ताई, खरं सांगा, ही घड्याळं बरोबर असतात का हो? का नुसतीच फसवतात?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वाक्य तयार होतं. ते बोलले असते तर तिचे आकडे बाद होऊन इडलीपात्र मला मिळालं असतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी पुन्हा आईंच्या काखेखाली हात घातला असता.

"ठोके बरोबर मोजतात," मी म्हटलं. "कॅलरी मात्र अंदाजाने."

"म्हणजे आमच्या नवऱ्यांसारखीच!" मागून कुणीतरी म्हणालं आणि हॉल हसला.

खाली आवारात आल्यावर चारुताने खोकं माझ्यापुढे केलं. "वहिनी, हे तुम्ही घ्या. माझ्याकडे आहे एक. आणि खरं तर तुमचीच मेहनत जास्त."

ती मनापासून बोलत होती. तेच मला सहन झालं नाही.

"मला हे नको," मी म्हटलं.

"मग काय हवंय?" ती गमतीने म्हणाली.

सी विंगचा वॉचमन गेट ओढत होता. तो आवाज थांबेपर्यंत मी थांबले.

"चारू, एक तारखेपासून सहा महिने आई तुमच्याकडे राहतील."