दाराबाहेरची ओळख

“बाबा, या आमच्या शाळेतल्या बाई,” मुलगी म्हणाली.

चपलांच्या दुकानात एक पाय नव्या सँडलमध्ये आणि दुसरा अनवाणी, अशा अवस्थेत बाईंनी वर पाहिलं. समोर नववीतली ती मुलगी आणि तिच्यामागे पिशव्या सांभाळत उभे तिचे वडील. बाईंनी नजर पुन्हा सँडलकडे वळवली.

“तुझी काहीतरी चूक होतेय,” त्या म्हणाल्या. “मी नाही ओळखत तुला.”

“सॉरी हं मॅडम,” वडील ओशाळून म्हणाले. “चल गं. उगीच कुणालाही काय बाई म्हणतेस?”

बाई शाळेत समुपदेशक होत्या. मुलं मागून त्यांना ‘कान’ म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. जिन्याखालच्या खोलीत बसून दिवसभर ऐकायचं आणि या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही, हेच त्यांचं काम. पूर्वी एकदा रस्त्यात एका मुलाकडे पाहून त्या नुसत्या हसल्या होत्या, तर आईने घरी नेऊन त्याची उलटतपासणी घेतली. “त्यांच्याकडे कशाला जातोस? घरातलं काय काय सांगितलंस?” पोरगा पुन्हा खोलीकडे फिरकला नाही. तेव्हापासून फाटकाबाहेर बाई कुणालाच ओळखत नसत. मुलं हुशार, तीही ओळखत नसत. परिणाम असा, की अर्ध्या गावाची गुपितं पोटात घेऊन बाई बाजारातून एकट्या फिरत आणि ‘काय बाई, बऱ्या आहात ना?’ एवढंही त्यांना कुणी विचारत नसे. त्यांना ते फार लागे. पण सांगणार कुणाला? कानाने कान कुठून आणायचा?

आई गेल्यापासून ही मुलगी त्यांच्याकडे येत होती. निकाल लागला की वडील तिला दुसऱ्या गावी आत्याकडे ठेवणार होते. तिला वडिलांजवळच राहायचं होतं, पण त्यांच्यासमोर तिच्या तोंडातून ब्र निघत नव्हता. म्हणून बाई खुर्ची ओढून वडील व्हायच्या, आवाज जाड करायच्या, आणि ती त्यांच्यापुढे बोलायचा सराव करायची. मध्येच दोघींना हसू फुटायचं.

“तुम्ही शेजारी असाल ना, तर मी बाबांना खरंच सांगेन,” ती आठवड्यापूर्वीच म्हणाली होती.

हे वाक्य बाईंना दुकानात नाही, घरी आल्यावर कुलूप उघडताना आठवलं.

सोमवारी निकाल लागला. मुलगी खोलीत आली नाही. बाई वरच्या मजल्यावर तिच्या वर्गापर्यंत गेल्या.

“ती ऑफिसात आहे,” शिपाई म्हणाला. “वडील दाखला न्यायला आलेत.”

बाई धडाधड जिना उतरल्या.

“परवा मी खोटं बोलले,” ऑफिसात शिरताच त्या धापा टाकत वडिलांना म्हणाल्या. “मी हिला ओळखते. चांगली ओळखते.”

“मग तेव्हा नाही का म्हणालात?”

याचं उत्तर द्यायचं, तर मुलगी त्यांच्याकडे कशासाठी येते तेही सांगावं लागलं असतं. ते सांगायचा हक्क तिचा होता.

“तिला तुमच्याशी बोलायचंय,” बाई म्हणाल्या. “मी थांबते इथेच. विचारा तिला.”

“काय गं? काय बोलायचंय?” वडिलांनी विचारलं. बाई काढायच्या तसा जाड आवाज नव्हता त्यांचा. साधा, दमलेला होता.

मुलीने बाईंकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

“काही नाही,” ती म्हणाली.

“अगं, परवा तूच तर म्हणालीस ना, या आमच्या बाई म्हणून?”

“चूक झाली माझी. मी नाही ओळखत यांना.”

क्लार्कने दाखल्यावर शिक्का मारला. वडिलांनी तो जपून पाकिटात घातला आणि बाईंना नमस्कार केला. बाईंनी पुढे होऊन दार उघडून धरलं. आधी वडील बाहेर पडले, मागून ती.

अंधारात तिला झोप लागत नाही, बाहेरचा दिवा चालू ठेवावा लागतो, एवढं तरी आत्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. वडिलांनाही ते माहीत नव्हतं. बाई दार धरून उभ्या होत्या.