जिभेवरची साखर

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. वैद्यबाबा प्रत्येकाच्या तळहातावर हिरवा पाला ठेवत होता.

"चावा! आता चिमूटभर साखर खा. कशी लागते?"

"वाळूसारखी!" सगळे ओरडले.

"जिभेवरून साखर पळाली, म्हणजे रक्तातूनही पळाली! मधुमेहाच्या गोळ्या टाका केरात. मात्र दोन तास तोंडात काही घालायचं नाही, नाहीतर गुण जातो."

पहिल्या रांगेत माझी ताई होती. टेलिफोन ऑपरेटर म्हणून जन्मभर तिने दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली. आता तिच्या घरचा फोन आठवड्यातून एकदा वाजतो. तो माझाच असतो, तोही घाईतला. तीन आठवड्यांपासून तिने गोळ्या सोडल्या होत्या. पायाच्या अंगठ्याची जखम चिघळत होती आणि डॉक्टर अंगठा कापायचं बोलू लागले होते.

मी चाळीस वर्षं लॅबमध्ये रक्त तपासलं. साखर मोजायचं मशीन घेऊन तिच्या घरी गेलो. तिने बाबाकडून आणलेला पाला दोघांनी चावला, साखर जिभेवर ठेवली. तिला वाळू, मलाही वाळू.

"ताई, मला कुठे मधुमेह आहे? मग माझी कुठली साखर पळाली?"

मी तिचं बोट टोचलं. तीनशे बेचाळीस.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

माझं टोचलं. शहाण्णव.

"आता थांबू तासभर," मी म्हणालो. कित्येक वर्षांत आम्ही एवढा वेळ एकत्र बसलो नव्हतो. तासाने मी तिच्या जिभेवर साखरेचा कण ठेवला.

"गोड आहे रे," ती पुटपुटली.

"म्हणून तर बाबा दोन तास उपाशी ठेवतो! पाल्याने जिभेला तेवढ्यापुरती गोडी कळत नाही. रक्ताला त्याचा पत्ताही नसतो. तू कशी गं भुललीस?"

"तो दर आठवड्याला विचारतो, 'ताई, पाय कसा आहे?' आणि माझं सांगून होईपर्यंत थांबतो. तू विचारतोस आणि फोन ठेवतोस."

मला मान वर करवेना.

पुढच्या आठवड्यात ताईने सभागृहाच्या दारात खुर्ची टाकली. "दोन तास इथेच बसू, आणि तासाने सगळे पुन्हा साखर खाऊ," ती म्हणाली. बाबा अर्ध्या तासातच मागच्या दाराने पसार झाला.

पाल्यात औषध असेलही. ते मोजून, रक्त तपासून ठरू दे, टाळ्यांवर नको. तोवर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या सोडू नका. आणि घरात एकटं माणूस असेल, तर बाबाच्या आधी तुम्ही विचारा.

मी आता रोज संध्याकाळी जातो. ताईचं बोलणं संपेपर्यंत बसतो. तिच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, जखम भरली. अंगठा शाबूत आहे.