बर्फावर न उतरलेली पिशवी

मित्रांनो, मी खाकी कापडाची एक जुनी पिशवी आहे. माझा एक बंद दुसऱ्यापेक्षा लांब आहे आणि एका कोपऱ्यावर निळे ठिगळ आहे. माझ्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही, की मी पृथ्वीच्या दक्षिण टोकाजवळ जाऊन आले. पण आले आहे खरी. तिथे गेले आणि तिथल्या जमिनीला माझा स्पर्शही झाला नाही. ते कसे, तेच मला सांगायचे आहे.

माझा जन्म पंचवटीतला. दोन हजार तीनचा कुंभमेळा आटोपला, तेव्हा गोटीराम शिंप्याने तंबूंचे उरलेले कापड घेऊन ठेवले होते. मखमलाबादचे खंडेराव एकदा बाजारातून परतताना त्याच्या दुकानी थांबले आणि बियाण्यासाठी पिशवी शिवून मागितली. एक दाणाही सांडता कामा नये, एवढीच त्यांची अट. म्हणून गोटीरामने माझ्या तळाला आतून पट्टी लावून दुहेरी शिवण घातली. त्याला स्वतःचेच काम इतके आवडले, की देण्याआधी त्याने मला पाण्याने भरून दाखवले. पाणी गळले नाही.

खंडेराव झेंडू लावायचे. शेवटच्या तोड्याला ते सगळी फुले विकत नसत. गच्च, भरदार फुलाची झाडे हेरून त्यांना चिंधी बांधत आणि ती फुले झाडावरच वाळू देत. वाळलेली फुले माझ्यात यायची. मग त्यांच्या पत्नी आक्काबाई ती तळहातांवर चोळून बी वेगळे काढायच्या. काळ्या काडीसारखे बारीक बी, टोकाला फिकट शेंडी. तेच पुढच्या वर्षी पेरायचे. त्यांच्या फुलाचा तांबूस केशरी रंग बाजारातले व्यापारी लांबून ओळखत. बियाणे मागायला कोणी आले, की खंडेराव मला खांद्याला लावूनच बाहेर यायचे. ते माझे भरभराटीचे दिवस होते.

नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी ते पिकाला पाणी देऊन आले, ओसरीवर टेकले आणि पुन्हा उठले नाहीत.

आक्काबाईंनी शेती सोडली नाही, पण बी राखणे त्यांच्याने एकटीने होईना. त्या रोपवाटिकेतून तयार रोपे आणू लागल्या. खंडेरावांचा झेंडू एका हंगामात वावरातून गेला आणि मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत खिळ्याला टांगली गेले. कुंभारीण माशीने माझ्या पोटात मातीचे घर केले. मी रागावले नाही. रिकाम्या पिशवीला तेवढीच सोबत.

त्यांची एकुलती मुलगी मनीषा डॉक्टर आहे. दोन वर्षांपूर्वी तिने अंटार्क्टिकाला जाणाऱ्या एका लहानशा जहाजावर नोकरी धरली. शंभराच्या आत प्रवासी आणि त्यांची तब्येत पाहायला ही. हंगामाच्या अखेरच्या फेरीत जहाजावरच्या डॉक्टरला घरचे एक माणूस नेता येते. मनीषाने आईला चल म्हटले. आक्काबाईंनी साफ नकार दिला. बर्फच बघायचा तर तो रसवंतीतही मिळतो, असे त्या म्हणाल्या. मनीषाने पेंग्विनचे फोटो दाखवले, देवमासे दाखवले. त्या बघत होत्या आणि गजऱ्याचा दोरा गुंडाळत होत्या.

मग मनीषा सहज बोलून गेली, की तिथे जवळजवळ काही उगवतच नाही.

दोरा गुंडाळायचा थांबला. "गवतबी नाय?"

"गवताची एक जात आहे. आणि एक फुलझाड. एवढ्या मोठ्या मुलखात फुलणारी झाडं दोनच, आई."

आक्काबाई म्हणजे चाळीस वर्षे फुलांत गेलेली बाई. त्यांनी एवढेच विचारले, "ते फूल दिसंल का पण?"

अशा रीतीने जायचे ठरले. मनीषाने चाकांची नवी बॅग आणली, पण हाताशी आपली पिशवी हवी म्हणून आक्काबाईंनी मला खिळ्यावरून काढले. साबणाच्या पाण्यात दोनदा धुतले, उंदराने कुरतडलेल्या कोपऱ्यावर ठिगळ लावले. माझ्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोकरीची कानटोपी भरली. शेजारच्या पुंजाला वावरावर लक्ष ठेवायला सांगितले. मग तीन विमाने बदलून आम्ही दक्षिण अमेरिकेच्या टोकाला पोहोचलो आणि तिथून जहाजावर.

दोन दिवस नुसता समुद्र. जहाज असे कलायचे, की मी खोलीतल्या आकड्याला टांगलेली असूनही भिंतीपासून हातभर लांब जायची. आक्काबाईंच्या पोटात पाणी ठरेना. त्या डोळे मिटून पडून राहायच्या. मनीषा इतरांना औषधे देऊन यायची आणि मग आईचे पाय चेपत बसायची. बाप गेल्यापासून मायलेकींना इतका वेळ एका खोलीत मिळाला नव्हता. एका दुपारी आक्काबाई डोळे न उघडताच म्हणाल्या, की तू लांब लांबच्या नोकऱ्या का धरतेस ते मला ठाऊक आहे, ते घर तुलाही सोसत नाही. मनीषा पाय चेपत राहिली.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. तिकडे उतरायचे तर बाहेरून एक बी, मातीचा एक कणही न्यायचा नाही, असा नियम आहे. सगळे प्रवासी आपापले कोट, पिशव्या, बूट घेऊन मोठ्या खोलीत जमले. जहाजावरची एक उंच, पांढऱ्या केसांची बाई यंत्राने धूळ ओढून घेत होती आणि चिमट्याने खिसे तपासत होती. माझ्यातून तिला गवताची दोन कुसळे मिळाली. ती काढून तिने मला पास केले. मला फार अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी समुद्र शांत झाला. खिडकीबाहेर निळसर बर्फाचे डोंगर सरकत होते. रबरी होड्या पाण्यात सोडायचे काम चालू होते. अंगावर लाल कोट चढवून आक्काबाईंनी कानटोपीसाठी माझ्यात हात घातला आणि त्यांची बोटे तळाच्या शिवणीवर थांबली.

यंत्राला जे कळले नाही, ते त्या बोटांना कळले. त्यांनी मला उलटे केले, मनीषाच्या पेटीतली छोटी कात्री घेतली आणि गोटीरामची शिवण टाके टाके उसवली. पट्टीची एक कड कधीतरी ढिली झाली होती; तिच्याखाली शिरलेली थोडी माती निघाली, गवताचे बारीक बी निघाले आणि झेंडूच्या अकरा बिया. मला त्या ओळखू आल्या. खंडेरावांनी शेवटच्या वर्षी माझ्यात ठेवलेल्या फुलांच्या होत्या. त्यांच्या झेंडूचे एवढेच काय ते उरले होते, आणि मलाही त्याचा पत्ता नव्हता.

मनीषाने त्या पाहिल्या आणि ती खाली बसली. आक्काबाई बिया तळहातावर घेऊन उभ्या राहिल्या. बाहेरून पहिल्या होडीसाठी पुकारा झाला. आक्काबाई दाराकडे वळल्या, तशी मनीषा म्हणाली, "आई, त्या बाईला दाखवल्यास तर जाळून टाकतील. पिशवी कालच पास झालीय. राहू दे आपल्याकडे. बाबांच्या आहेत."

"त्यांच्याच हायेत."

"आणि नऊ वर्षांचं बी कुठं उगवणार आहे?"

"झेंडूचं मला कळतं गं. पण त्यासंगं हे गवताचं हाय, माती हाय. त्याचं मला नाय कळत अन् तुलाबी नाय. गाजरगवत आपल्याकडं असंच कुणाच्या तरी संगं आलं ना? त्यानं काय जाणूनबुजून आणलं असंल? माझी सारी हयात ते उपटण्यात गेली." त्या थांबल्या. "त्यांनी कुळव दुसऱ्याच्या वावरात द्यायचा झाला तरी त्याची माती धुऊन दिला. हे लपवून नेलं तर त्यांना काय सांगू?"

मायलेकी मला घेऊन त्या उंच बाईकडे गेल्या. मनीषाने तिला सगळे समजावून सांगितले, बिया कोणाच्या आहेत तेही. बाईने चष्मा काढला. ती हळू आवाजात म्हणाली, की मला फार वाईट वाटते, पण जहाजावर बी ठेवता येत नाही. आक्काबाईंनी मान हलवली. एका पांढऱ्या कागदावर त्यांनी हात उपडा केला. दहा बिया पडल्या. अकरावी तळहाताच्या रेषेत अडकली होती, ती त्यांनी दुसऱ्या हाताच्या नखाने सोडवली. माझीही शिवण उसवलेली, आता मला कोण पास करणार? मला परत खोलीत नेऊन टांगले.

मी खिडकीतून पाहिले. लाल कोटातली एक ठेंगणी बाई दोघांच्या आधाराने होडीत उतरली आणि होडी बर्फाच्या तुकड्यांमधून वाट काढत किनाऱ्याकडे गेली. मित्रांनो, खरे सांगते, त्या वेळी मला फार एकटे वाटले. इतक्या लांब येऊन मी दाराशीच राहिले. आणि ज्या बिया मी नऊ वर्षे पोटाशी धरल्या, त्या जहाजाच्या भट्टीत गेल्या.

दुपारी आक्काबाई परतल्या तेव्हा त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. पेंग्विनच्या वस्तीला कोंबड्यांच्या खुराड्यासारखा वास येतो, हे त्यांनी आधी सांगितले. मग त्या फुलाबद्दल बोलल्या. खडकाच्या कपारीत लिंबाएवढा हिरवा गोळा होता आणि त्यावर फुले. खाली बसायला, गुडघा टेकायलाही तिथे मनाई. म्हणून मनीषाने त्यांना कमरेला धरले आणि त्या वाकून पाहत राहिल्या.

"तिळाएवढं फूल," त्या म्हणाल्या. "लय वेळ बघितलं. आपला हात खुडायला सवकलेला, म्हणून पाठीमागं बांधून उभी राहिले."

आणि मग, लाल कोट अंगावर तसाच असताना, त्या रडल्या. मनीषाही रडली. खंडेराव गेले तेव्हा या दोघी एकमेकींसमोर रडल्या नव्हत्या. एकीने दुसरीला सावरायचे म्हणून अश्रू गिळले होते. ते त्या दिवशी वाहिले. मी तिथे होते, हे माझे भाग्य.

पुढे आणखी चार ठिकाणी जहाज थांबले. प्रत्येक वेळी ती उंच बाई आक्काबाईंना तपासणीच्या टेबलाशी खुर्ची द्यायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बोटांनी काम व्हायचे. एका गृहस्थाच्या मोज्यातून आक्काबाईंनी असे कुसळ काढले, जे यंत्रातून तीनदा सुटले होते. निरोप घेताना बाईने आपला चिमटा त्यांच्या हातात ठेवला. पायातला काटा काढायला तो आता घरी कामाला येतो.

घरी आल्यावर आक्काबाईंनी मला पुन्हा खिळ्याला लावले नाही. मी रोज त्यांच्याबरोबर असते. या वर्षी पाऊस ओसरल्यावर गावातल्या बायका अंजनेरीच्या डोंगरावर रानफुले पाहायला निघाल्या, तेव्हाही होते. पायथ्याशी आक्काबाई थांबल्या. त्यांनी मला उलटे केले, रस्त्याच्या कडेला खळखळून झटकले, मग चपला एकमेकींवर आपटून माती पाडली. त्यांची मैत्रीण सुलाबाई हसू लागली. म्हणाली, "आता इथं कोण साहेब बसलाय तपासायला?"

"कोण नाय," आक्काबाई म्हणाल्या. "म्हणून तर आपण तपासायचं."

मित्रांनो, तुम्हीही कधी डोंगरावर जाल, रानात जाल, कदाचित त्या बर्फाच्या मुलखातही जाल. जाण्याआधी आपली पिशवी एकदा उलटी करा. खिसे पाहा, मोजे पाहा, बुटांचे तळवे पाहा. कोणी पास केले तरी शिवणीवरून स्वतःचे बोट फिरवा. त्यात तुमचे फार लाडके काही निघेल आणि ते सोडताना जड जाईल. मलाही गेले होते.

त्या दिवशी पायथ्याशी सुलाबाईने खाली पडलेल्या मातीकडे पाहिले. मग तिने खांद्यावरची आपली पिशवी काढली आणि माझ्या शेजारी उलटी केली.