मी ‘परत फोन लावा’ म्हणणारा तक्ता

मी प्रश्नतक्ता बोलतोय. संकटात सापडलेल्यांचे फोन जिथे घेतात, तिथे प्रत्येक टेबलावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो ना, तोच मी. हसू नका, एके काळी माझा फार रुबाब होता.

माझा जन्म सात अधिकाऱ्यांच्या समितीच्या पोटी झाला. सातांपैकी एकानेही कधी घाबरलेल्या माणसाचा फोन घेतला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी! कुठे गोळीबार झाला तर काय विचारायचं, याचे बावीस प्रश्न त्यांनी माझ्या अंगावर छापले. पहिला नाव, दुसरा आडनाव, तिसरा वय. बंदूकवाला कुठे आहे, हा चौदावा. खाली लाल अक्षरांत नियम: फोन तुटला तर ताबडतोब परत लावा.

मग सराव सुरू झाला. भांडारातला कारकून शेजारच्या खोलीत टेबलाखाली लपायचा आणि फोन करायचा. बिचाऱ्याला नाटकाची भारी हौस. फोन घ्यायला बसली नवी मुलगी; सगळे तिला ‘नवी’च म्हणायचे. नोकरीला लागून तीन महिने झालेली, दोनदा नापास झाली की घरी.

“तो बाहेरच आहे हो,” कारकून कुजबुजला.

“दाराला कडी लावलीय का? तुम्ही किती जण आहात?” नवीने विचारलं.

“अनुक्रम! अनुक्रम!” मागून प्रशिक्षक साहेब ओरडले. “आधी नाव! आणि त्यांना जरा मोठ्याने बोलायला सांगा.”

एवढ्यात कारकुनाने फोन तोडला. नवीने बटणाला हात लावला नाही.

“परत लावा की!”

“साहेब, ते लपलेत. फोन वाजला तर त्याला ऐकू जाईल.”

“नियम आहे!” म्हणत साहेबांनी स्वतःच बटण दाबलं. शेजारच्या खोलीत कारकुनाचा फोन ठणाणा वाजला. सगळे खो खो हसले. नवीच्या कागदावर ‘नापास’ पडलं. मीही मनात म्हटलं, बरी जिरली! बावीस प्रश्नांपेक्षा ही शहाणी?

दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, खरा फोन आला. कापडाच्या गोदामातून एक बाई. “गोळ्या झाडतोय,” एवढं म्हणाली, गोदामाचा पत्ता सांगितला आणि फोन तुटला. साहेबांची पाचावर धारण बसली, पण बोट मात्र माझ्या लाल ओळीवर. “परत लावा!”

नवीने पोलिसांना पत्ता दिला, मला उचलून उपडं केलं आणि माझ्या पाठीवर गरम चहाचा ग्लास आपटला. चटका बसला हो! मग तिने त्या बाईला मेसेज टाकला: फोनचा आवाज बंद करा. पोलीस निघालेत. इथेच लिहून सांगा.

उत्तर आलं: आम्ही सहा जण, गाठोड्यांमागे.

सहाही जण जिवंत बाहेर आले.

आता ऐका पुढची गंमत. नवीला मेमो मिळाला, सरकारी तक्त्यावर चहाचा डाग पाडल्याबद्दल. नवा तक्ता छापून आला. त्यात लाल अक्षरांत ‘आधी मेसेज करा’ आणि खाली ‘संकल्पना: प्रशिक्षक साहेब’. आयत्या बिळावर नागोबा! त्याच तक्त्यावर नवीची दुसरी परीक्षा घेतली. तिचीच युक्ती तिच्याकडून पाठ म्हणून घेतली. पास झाली, शंभरपैकी ब्याऐंशी. नोकरी वाचली.

निकालाच्या दिवशी कारकून हळूच तिच्या टेबलाशी आला. “काय गं, त्या सरावात मी वाचलो असतो का?”

“नाही दादा. तुम्ही अगदी नियमाप्रमाणे मेलात.”

दोघंही हसली नाहीत. मला मात्र लाज वाटली, कारण तो नियम माझ्याच अंगावर होता.

आता मी तिच्या खणात पडून असतो, पाठीवर चहाचा गोल वळ घेऊन. नव्या तक्त्याचा रुबाब बघून कीव येते. तुमच्यापैकी कुणी त्या खुर्चीवर बसलात तर आम्हाला जवळ ठेवा, नीट वाचा. पण वेळ आलीच तर बिनधास्त उपडं करा. चहा गरम असला तरी मी कुरकुरणार नाही.