चार आणि सातमधली दांडी

मी दांडी बोलतेय. पेरणीयंत्राच्या बियाण्याच्या पेटीवर, उजव्या अंगाला असते मी. मला सरकवलं की बी कमीजास्त पडतं. माझ्या बाजूचे एक ते नऊ आकडे मला घडवणाऱ्या लोहाराने स्वतः रंगवलेत. नऊ जरा तिरका आलाय, बिचाऱ्याला जेवायची घाई होती.

या घरात आल्यापासून दहा वर्षं मी सातवरच मुक्काम ठोकून होते. घरात सासरे आणि सून, पेरणी सासऱ्यांच्या हाती. त्यांचं गणित सरळ होतं, जास्त बी म्हणजे जास्त शेंगा. सोयाबीनचं रान कोरडवाहू, वरून पडेल तेवढंच पाणी. पण रान दाट दिसायला हवं, रस्त्याने जाणारे बघतात ना!

गेल्या वर्षी सून म्हणाली, "बाबा, एवढ्याशा ओलीवर इतकी रोपं कशी जगतील? चारवर पेरू. आणि बी दोन बोटांपेक्षा खोल नको."

"बरं. अर्धं रान तुझं. पण माझ्यापेक्षा एक पोतं जरी कमी आलं, तर पुन्हा पेरणीत तोंड घालायचं नाही."

तिने मला चारवर आणलं आणि ट्रॅक्टर हाकला. दुपारी ती बांधावर जेवायला बसली, तसे सासरे मांजराच्या पावलांनी आले. खटकन मी सातवर! मला वाटलं, म्हाताऱ्याने डाव साधला. पण ते पुटपुटले, "पोरीचं हसं व्हायला नको." घ्या, ही यांची माया.

चार फेऱ्यांनी पेटी भराभर रिकामी होताना पाहून सून थांबली. हादऱ्याने सरकली असेल, असं समजून तिने मला परत चारवर आणलं आणि वर मलाच शिव्या घातल्या. मला फार वाईट वाटलं.

शेंगा भरायच्या वेळी तीन आठवडे पाऊस नाही. सासऱ्यांच्या दाट रानाने आधी माना टाकल्या. सुनेची झाडं तग धरून राहिली, तेवढा चार फेऱ्यांचा पट्टा सोडून. मळणी झाली. तिची अकरा पोती, त्यांची आठ.

"तो पट्टा नसता तर बारा झाली असती," सून म्हणाली. "दांडीच मेली ढिली आहे."

सासरे गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? पण ते टोपी काढून म्हणाले, "दांडी नाही गं. मीच सरकवली होती."

सून आधी रागावली, मग हसत सुटली.

यंदा सासऱ्यांनी स्वतः मला चारवर ठेवलं आणि तारेने करकचून बांधलं. "माझ्या हाताचा मलाच भरवसा नाही," म्हणाले. तार काचते हो, पण कृपा करून कुणी सोडू नका. सकाळपासून तीनदा ते गाठ बघायला येऊन गेलेत, आणि दर वेळी त्यांचं बोट सातवर जरा रेंगाळतं.