दोघांचे दोन दिवस आणि एक सज्जा

मी एक जुना लाकडी सज्जा आहे. आहे असं सवयीनं म्हणतो, मित्रांनो. खरं तर होतो म्हणायला हवं. तटबंदीच्या आतल्या जुन्या शहरात, घंटाघराच्या चौकात, एका दुकानाच्या डोक्यावर मी एकशे नऊ वर्षं रस्त्याकडे वाकून उभा होतो. भिंतीतून बाहेर आलेल्या तीन तुळया, त्यांवर चौदा फळ्या, पुढे कमरेएवढा कठडा आणि कठड्यावर कोरलेली वेल. एवढाच माझा संसार.

ज्या सुतारानं मला घडवलं तो फार कमी बोलायचा. माझ्या तुळया त्यानं दोन वर्षं सावलीत वाळवल्या. घरमालक रोज येऊन घाई करायचा, आणि सुतार त्याला पाणी विचारून परत पाठवायचा. भिंतीत शिरणाऱ्या टोकांना त्यानं तेल पाजलं, वर पत्र्याची टोपी घातली. लाकडाला ऊन चालतं, वारा चालतो, पण एका जागी थांबलेलं पाणी चालत नाही, एवढं एकच वाक्य त्यानं मालकाला ऐकवलं. मालकानं मान डोलावली. मालकांच्या माना त्या वेळीही छान डोलायच्या.

पुढची कितीतरी वर्षं माझी सुखात गेली. माझ्यावर कपडे वाळले, धान्य वाळलं, रुसलेल्या सुना वाळल्या. पोरं कठड्यातून पाय बाहेर सोडून बसायची आणि खालच्या टोप्या मोजायची. मग घरातली माणसं पांगली. राहिले दोघे भाऊ. थोरल्यानं घराचं लॉज केलं आणि वर्षभरातच तो तापानं गेला. मागे उरल्या त्याची बायको आणि धाकटा भाऊ. ती त्याला भाऊजी म्हणे, तो तिला वहिनी. सगळा चौकही त्यांना त्याच नावांनी ओळखायचा, म्हणून मीही तेच म्हणतो.

भाऊजी वाईट माणूस नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. त्याच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असायचं. एका दुपारी तो वही घेऊन वहिनींसमोर बसला आणि म्हणाला की आपलं शहर जुनं, आपलं घर जुनं, मग आपण जुनेपणच का विकू नये? शनिवारी दुपारी जोडप्यांनी यावं, रविवारी संध्याकाळी जावं. त्यानं योजनेचं नाव ठेवलं 'दोघांचे दोन दिवस'. पहिल्या दिवशी तटबंदीवरून फेरी, मग नदीत नाव, संध्याकाळी घंटाघराचे दिवे लागताना सज्ज्यात बसून गप्पा. दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा, तोही सज्ज्यातच.

वहिनींनी वही वाचली आणि म्हणाल्या, "मधे थोडं पायी फिरायला ठेवा, भाऊजी. नवराबायको दोन दिवस समोरासमोर बसले तर तिसऱ्या दिवशी माहेरची वाट धरतील."

दोघंही हसले. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी हसलं होतं. योजनेत चालणं वाढलं.

जाहिरातीत फोटो माझाच छापला. मला नवा रंग दिला, कठड्यावर फुलांच्या आठ कुंड्या टांगल्या. जोडपी येऊ लागली. कुणी लग्नाला आठवडा झालेली, कुणी भांडण मिटवायला आलेली. कठड्यावर हात ठेवून सगळी एकच वाक्य बोलायची, किती सुंदर आहे हे. मित्रांनो, शंभरी ओलांडलेल्याला कौतुक फार गोड लागतं. मी फुशारलो. पण त्याच वेळी माझ्या आत काय चाललं होतं ते फक्त मला ठाऊक होतं.

कुंड्यांना रोज पाणी घातलं जाई. ते फळ्यांच्या फटींतून उतरे आणि तुळया जिथं भिंतीत शिरतात तिथं जाऊन बसे. पत्र्याची टोपी केव्हाच गंजून पडली होती. आधी ओल आली, मग बुरशी, मग कीड. डावी तुळई आतून अशी झाली होती की बाहेर रंगाचा पापुद्रा आणि आत भुसा. माणूस माझ्यावर पाय ठेवी तेव्हा मी कुरकुरत असे. ओरडण्याची माझी तेवढीच ताकद होती. आणि भाऊजीनं काय केलं असेल? त्यानं जाहिरातीत एक ओळ वाढवली: जुन्या लाकडाची कुरकुर ऐकत चहा प्या.

माझ्या खाली घड्याळजीचं दुकान होतं. रोज सकाळी दुकान उघडलं की त्याच्या काचेच्या कपाटावर पिवळट पीठ पडलेलं दिसे. तो ते फडक्यानं पुसायचा. एकदा त्यानं भाऊजीला हाक मारून सांगितलं की तुमच्या घराला सर्दी झालीय, नाक गळतंय. भाऊजी हसला. घड्याळजीही हसला. दुसऱ्या दिवशी पीठ थोडं जास्त पडलं.

शेवटी एक फळी बदलायची म्हणून चौकातल्या सुतारकाकांना बोलावलं. वहिनी त्या दिवशी गावाबाहेर गेल्या होत्या. सुतारकाका शिडी लावून माझ्या खाली चढले. त्यांनी पटाशीच्या मुठीनं तिन्ही तुळयांवर टकटक केलं. उजवीचा आवाज खणखणीत आला, मधलीचा जरा बसका. डावीवर टकटक केलं आणि ते थांबले. मग पटाशीचं टोक हलकेच लावलं. जोर न करता पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

ते खाली उतरले आणि त्यांनी पटाशीला लागलेला भुसा पुसला. मग भाऊजीला म्हणाले, "दार बंद करा. आजच. मी महिन्याभरात तुळया बदलून देतो, पण तोवर इथं मांजरही नको."

भाऊजीचा चेहरा उतरला. पुढचे सगळे शनिवार लोकांनी आधीच धरून ठेवले होते आणि प्रत्येकाला सज्जाच हवा होता. त्यानं बरीच घासाघीस केली, जणू लाकूड काही ऐकून घेणार होतं. हंगाम सरल्यावर नक्की, असं तो म्हणाला. सुतारकाकांनी पटाशी पिशवीत टाकली. वहिनींना हे सांगा, एवढं बजावून ते गेले.

भाऊजीनं वहिनींना सांगितलं ते असं, की सज्जा जरा थकलाय, एका वेळी दोघांनीच जावं. वहिनींनी लगेच सुंदर अक्षरात पाटी करून दारावर लावली: एका वेळी फक्त दोघांसाठी. लोकांना ती पाटीही आवडली. ते तिच्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. भाऊजीनं डाव्या तुळईतलं पटाशीचं भोक बुजवलं आणि वरून रंग मारला. रंग मारताना त्यानं मान दुसरीकडे वळवली होती, हे मी पाहिलं. माणसाला खरं माहीत असतं, मित्रांनो. तो फक्त त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो.

एक शनिवार गेला, काही झालं नाही. दुसरा गेला, तिसरा गेला. काही झालं नाही की माणूस धीट होतो. आणि काळ सोकावतो तो असाच.

मग तो शनिवार आला. त्या दिवशी आलेल्या पाच जोडप्यांत एक म्हातारं जोडपं होतं. बाई चाळीस वर्षं नर्स होत्या, त्यांचे यजमान पोस्टमन. त्यांची रात्रपाळी संपायची तेव्हा यांची टपालाची पिशवी खांद्यावर चढायची. अडतीस वर्षांच्या संसारात दोघं भेटत ते उंबऱ्यात, असं पोस्टमनकाका वहिनींना सांगत होते. आता दोघंही निवृत्त झाले होते. माझा फोटो छापलेलं कात्रण नर्सबाईंनी पर्समध्ये चार घड्या घालून आणलं होतं. आम्हाला इथंच बसायचंय, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळी घंटाघराचे दिवे लागले आणि पाटी कुणाच्याच ध्यानात राहिली नाही. चार जोडपी एकदम माझ्यावर आली. आठ माणसं, आठ कुंड्या. खाली चौकात फोटोवाला हात हलवून त्यांना आणखी पुढे यायला सांगत होता. डावी तुळई बोटभर खाली गेली. भिंतीतून चुन्याचा खडा सुटून फोटोवाल्याच्या टोपीवर पडला. त्यानं वर पाहिलं, टोपी झटकली आणि पुन्हा हात हलवला. मी उजव्या आणि मधल्या तुळईवर सगळा जीव गोळा केला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. नर्सबाई जिना चढून आल्या तेव्हा जागा उरली नव्हती. त्या आत खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की असू दे, आमचं उद्या.

रविवारी सकाळी भाऊजीनं माझ्यावर छोटं टेबल आणि दोन खुर्च्या मांडल्या. कालचं त्याला वाईट वाटलं होतं. चहाचा ट्रे हातात घेऊन तो दाराशी उभा राहिला आणि आज सज्जा फक्त तुमचा, असं मोठ्या आदबीनं म्हणाला. नर्सबाईंनी पदर सावरला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

मी ओरडलो. माझ्याजवळ होता नव्हता तो सगळा आवाज काढला.

नर्सबाई तशाच थांबल्या. मागून येणाऱ्या यजमानांच्या छातीवर त्यांनी हात आडवा धरला. "अहो, थांबा."

"घाबरू नका, मावशी," भाऊजी म्हणाला. "ते आमच्या सज्ज्याचं गाणं आहे. जाहिरातीत लिहिलंय आम्ही."

"वॉर्डात चाळीस वर्षं काढलीत मी," नर्सबाई म्हणाल्या. "हे गाणं नाही. कण्हणं आहे."

त्यांनी पाय मागे घेतला. भाऊजीचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. त्याच वेळी तो मागे सरला असता तर! पण मागे सरणं म्हणजे कबूल करणं. तो हसला, बघा, मी उभा राहतो, असं म्हणाला आणि ट्रेसकट माझ्यावर आला. पोस्टमनकाकांनी त्याची बाही धरली होती. त्यांच्या मुठीत फक्त बाही राहिली.

आवाज फार मोठा झाला नाही. कुजलेलं लाकूड तुटताना मोठा आवाज करत नाही. डावी तुळई भिंतीच्या तोंडाशीच मोडली, मी तिरका झालो आणि भाऊजी, टेबल, खुर्च्या, कुंड्या, सगळे घेऊन खाली गेलो. रविवार म्हणून घड्याळजीचं दुकान बंद होतं. इतर कुठल्याही दिवशी तो या वेळी दारात बसून काच पुसत असतो. दुकानापुढच्या कापडी छतानं भाऊजीला अर्धवट झेललं, म्हणून तो जगला. उजवा पाय मात्र मांडीत मोडला.

सगळे जागीच खिळले होते. सर्वांत आधी खाली पोचल्या त्या नर्सबाई, जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत. त्यांनी माझ्याच कठड्याचे दोन तुकडे उचलले, पायाच्या दोन्ही बाजूंना लावले आणि शालीनं घट्ट बांधले. हलू नको रे, असं त्या भाऊजीला लेकरासारखं म्हणत होत्या. मोडल्यावर तरी मी त्याच्या कामाला आलो.

गर्दीत सुतारकाका होते. वहिनींना त्यांच्याकडूनच सगळं कळलं. दवाखान्यात, दोन दिवसांनी, त्यांनी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

भाऊजी भिंतीकडे बघत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही दार बंद केलं असतं."

"म्हणूनच तर सांगायचं होतं."



माझ्या चौदा फळ्यांतल्या पाच शाबूत निघाल्या. सुतारकाकांनी त्यांचं एक बुटकं स्टूल केलं आणि कुबड्या घेऊन घरी आलेल्या भाऊजीला देऊन टाकलं. आता मी तेवढाच उरलो आहे. लॉज चालू आहे, पण सज्ज्याच्या दाराच्या जागी वहिनींनी खिडकी करून घेतली. जोडपी थोडी कमी येतात.

जी येईनाशी झाली, ती चौकाच्या पलीकडे जातात. तिथल्या लॉजवाल्यानंही दोन दिवसांची योजना काढली आहे. त्याचा सज्जा माझ्यापेक्षा रुंद आहे, आणि माझ्यापेक्षा जुना. भाऊजी लंगडत त्याच्याकडे गेला. तुळया एकदा तपासून घे, असं हात जोडून म्हणाला. त्यानं ऐकून घेतलं, चहा पाजला, आणि निरोप देताना म्हणाला, "तुमचा धंदा बसला म्हणून आमच्या वाईटावर कशाला उठता?"

तेव्हापासून दर शनिवारी भाऊजी मला पाठीला बांधून, कुबड्या टेकत चौकाच्या पलीकडे नेतो. सज्ज्यापासून जरा लांब मला मांडतो आणि माझ्यावर बसतो. बॅगा घेऊन येणाऱ्या जोडप्यांना तो थांबवतो, पायाकडे बोट दाखवतो, वर बोट दाखवतो. एखादं जोडपं ऐकतं. बाकीची हसून पुढे जातात. चौकातला वेडा म्हणून त्याचं नाव पडलं आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी पायरी असेल, झोपाळ्याचा हूक असेल, गच्चीचा कठडा असेल. त्याला रंग देण्याआधी ठोकून बघा. तो काही सांगत असेल तर ऐका, आणि ऐकलंत ते लपवू नका. ज्याला दार बंद करता येईल त्याला सांगा. आमच्यासारख्यांना हातपाय नसतात, ओरडून गर्दी जमवता येत नाही.

आज शनिवार आहे. दिवे लागायला थोडा वेळ आहे. समोरच्या सज्ज्यावर आत्ता सहा माणसं आहेत, आणि जिन्यावरून आणखी पावलं चढत आहेत. भाऊजी माझ्यावरून उठून उभा राहिला आहे. त्यानं दोन्ही कुबड्या वर उचलून हाक मारली. वरून त्यांनीही हात हलवले.